गौरव नव्या गाड्यांचा की जुन्या टिकवणाऱ्यांचा?

नव्या बसगाड्या ताफ्यात दाखल झाल्या की नारळ फुटतो, हिरवा झेंडा दाखवला जातो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्र येते. त्याच गाड्या आठ-दहा वर्षांनंतरही पहाटे वेळेवर आगाराबाहेर पडत असतील, तर त्याची बातमी होत नाही. सार्वजनिक परिवहनाच्या यांत्रिक विभागात सगळी नोकरी काढून आता कोपरखैरण्यात स्थायिक झालेल्या माझ्यासारख्याला याचे नवल वाटत नाही. मात्र सरकारी वाहनताफ्याच्या व्यवस्थापनाचा गौरव करायचा असेल, तर तो खरेदीपेक्षा देखभालीचा व्हावा, असे माझे मत आहे.

पुरस्कार मुळीच नाहीत, असे म्हणता येणार नाही. राज्य परिवहन उपक्रमांची १९६५ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना, जिला या क्षेत्रात सगळे ‘एएसआरटीयू’ म्हणतात, इंधन बचत, सुरक्षितता अशा निकषांवर उपक्रमांना गौरवते. एसटीत २५ वर्षे विनाअपघात सेवा देणाऱ्या चालकांचा सत्कार होतो. २०२३ पासून स्वच्छ, सुंदर बसस्थानकांची स्पर्धाही सुरू आहे. चालक आणि बसस्थानक प्रवाशाच्या नजरेस पडतात. पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरून गाडीच्या पोटाखाली काम करणारा यांत्रिक कोणाच्याच नजरेस पडत नाही, आणि बक्षिसांच्या यादीतही तो क्वचितच असतो.

आमच्या आगारातले एक हेड मेकॅनिक फेरीवरून परतलेल्या गाडीच्या प्रत्येक चाकाजवळ तळहात नेऊन ब्रेकच्या ड्रमची धग पाहत. इतरांपेक्षा एखादा ड्रम जास्त तापलेला असला की तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाही हे त्यांच्या ध्यानात येई, आणि चालकाने लॉगशीटवर काहीही लिहिलेले नसले तरी ती गाडी पिटवर घेतली जाई. धरून राहिलेला ब्रेक डिझेल जास्त खातो, लायनिंग झिजवतो आणि टायरलाही ताप देतो; म्हणजे एका तळहाताने तीन ठिकाणचा खर्च वाचत असे. दुसऱ्या दिवशी ती गाडी वाटेत बंद पडत नसे, आणि न घडलेल्या ब्रेकडाऊनसाठी कोणत्याही नोंदवहीत रकाना नसतो.

गुणवत्ता मोजण्याची खरी अडचण इथेच आहे. परिवहनात दर दहा हजार किलोमीटरमागे किती ब्रेकडाऊन झाले, एकूण गाड्यांपैकी किती रोज मार्गावर आल्या आणि इंधनावर किती किलोमीटर मिळाले, हे आकडे मुख्यतः पाहिले जातात. एसटीत हा शेवटचा आकडा दहा लिटरमागे मोजतात आणि त्याला ‘केपीटीएल’ म्हणतात. आकडे उपयोगाचेच आहेत, पण त्यांच्यावर बक्षीस लावले की ते सजू लागतात. मी पाहिलेल्या एका ठिकाणी वाटेत बंद पडलेली गाडी थोड्या वेळात सुरू झाली तर ती ब्रेकडाऊनमध्ये धरायचीच नाही, असा अलिखित रिवाज होता. मार्गावरील गाड्यांचे प्रमाण वाढवण्यासाठी नियमित देखभालीला थांबवायची गाडी फेरीवर काढणे हा तर सर्रास चालणारा प्रकार. त्या महिन्याचा तक्ता देखणा दिसतो, भुर्दंड पुढच्या तिमाहीत पडतो.

तुलनाही जपून करावी लागते. ठाणे परिवहन १९८९ पासून आणि नवी मुंबईची परिवहन सेवा ‘एनएमएमटी’ १९९६ पासून ज्या रस्त्यांवर गाड्या चालवत आहेत, तिथे घोडबंदर मार्गावरच्या कोंडीत क्लच झिजतो, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरते आणि खाडीवरच्या खाऱ्या, दमट हवेने पत्रा लवकर गंजतो. मोकळ्या महामार्गावर धावणाऱ्या एसटीच्या आगाराशी त्यांच्या इंधनाची तुलना करणे अन्यायाचे ठरेल. म्हणून प्रत्येक आगाराला त्याच्याच गेल्या वर्षीच्या कामगिरीशी ताडून पाहावे आणि तपासणीला बाहेरच्या व्यक्तीने पूर्वसूचना न देता यावे, एवढे दोन नियम केले तरी पुष्कळ साधेल. पुण्यात १९६७ पासून केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे; अशा तपासणीसाठी तज्ज्ञ शोधत फार दूर जावे लागणार नाही.

ताफा म्हणजे फक्त बस, हाही आपला एक समज आहे. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये नवी मुंबई देशात तिसरी आली तेव्हा सफाई कामगारांचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण कचरा दाबणाऱ्या कॉम्पॅक्टरचा हायड्रॉलिक पाइप फुटला तर एका प्रभागाचे सकाळचे सगळे नियोजन कोलमडते, आणि तो फुटण्याआधी बदलणाऱ्याचे नाव कुठेच आले नाही. अग्निशमन बंबाचा हिशेब तर आणखी वेगळा. तो धावतो थोडा, पण जागेवर उभा राहून पंप चालवताना त्याचे इंजिन तासन्‌तास चालते. त्यामुळे देखभालीचे वेळापत्रक किलोमीटरवर बांधले तर फसगत होते. ते इंजिनाच्या तासांवरच बांधावे लागते.

गाडी टिकवण्यालाही आता कायद्याची मर्यादा आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते आणि परिवहन महामंडळांच्या बसही त्यातून सुटलेल्या नाहीत. ज्या संस्थेने एकदम मोठी खरेदी केली, तिच्या सगळ्या गाड्या एकदमच बाद होतात. दरवर्षी थोड्या थोड्या गाड्या घेणारी संस्था या कात्रीत सापडत नाही. हे नियोजन करणारा अधिकारी फळ दिसेपर्यंत बहुधा बदलून गेलेला असतो, म्हणून पुरस्काराच्या नियमांत मागच्या अधिकाऱ्याचे नाव घेण्याचीही सोय असावी.

विजेवरच्या बसमुळे आणखी एक गुंता झाला आहे. या गाड्या बऱ्याच ठिकाणी किलोमीटरमागे ठरलेल्या दराने कंत्राटदार चालवतो. चालक त्याचा, यांत्रिक त्याचा, चार्जिंगची देखभालही त्याचीच. उपक्रमाकडे उरते ते कंत्राटावर लक्ष ठेवण्याचे काम, आणि तेही कौशल्याचेच आहे: रद्द झालेल्या फेऱ्यांची नोंद रोजच्या रोज ठेवणे, दंडाची रक्कम वेळच्या वेळी बिलातून कापणे, नादुरुस्त एसीच्या तक्रारी देयक मंजूर होण्याआधी तपासणे. उपक्रमाचा गौरव या कामासाठी व्हावा. गाडी प्रत्यक्ष सांभाळणारा कंत्राटी यांत्रिक मात्र उपक्रमाच्या आस्थापनेवर नसल्यामुळे आजच्या नियमांत कुठेच बसत नाही. त्यासाठी अर्जाच्या नमुन्यात कंत्राटी कर्मचाऱ्यांचा वेगळा रकाना घालायला फारसा खर्च येणार नाही.