फिलिडोरने राखलेला अर्धा गुण

सांगलीतील बुद्धिबळाच्या एका खुल्या मानांकन स्पर्धेत मी काळी मोहरी घेऊन खेळलेल्या डावात शेवटी दोन राजे, दोन हत्ती आणि प्रतिस्पर्ध्याचे एक प्यादे एवढेच पटावर उरले. प्यादे ई-५ वर (म्हणजे ई या उभ्या पट्टीतील पाचव्या आडव्या रांगेच्या घरात), त्याचा राजा डी-५ वर, हत्ती एच-७ वर आणि माझा राजा ई-८ वर शेवटच्या रांगेत अडकलेला, असे चित्र पाहून कोणीही डाव पांढऱ्याचाच म्हटला असता. पण ही स्थिती बरोबरीची आहे, आणि तिचे विश्लेषण फिलिडोर या फ्रेंच खेळाडूने १७७७ मध्येच करून ठेवले आहे. (हा गृहस्थ ऑपेरांना संगीत देणारा नामवंत संगीतकारही होता, दोन्ही कलांत इतका अधिकार मला विलक्षण वाटतो.)

बचावाचे सूत्र असे, की काळ्याने आपला हत्ती सहाव्या रांगेत ठेवून पांढऱ्या राजाला पुढे पाऊल टाकू द्यायचे नाही. मी हत्ती ए-६ वरून बी-६ वर आणि पुन्हा ए-६ वर नेत राहिलो. प्रत्येक चालीला तीस सेकंद वाढून मिळत असल्यामुळे घड्याळाची भीती नव्हती. मात्र प्याद्याची चाल किंवा मारामारी न होता पन्नास चाली झाल्या, की बरोबरीचा दावा करता येतो, हे प्रतिस्पर्धीही जाणून होता. अखेर त्याने प्यादे ई-६ वर ढकलले. त्याच क्षणी माझा हत्ती थेट बी-१ वर उतरला, कारण मागून येणाऱ्या शहांपासून लपण्यासाठी राजाला जे घर हवे होते, ते आता त्याच्याच प्याद्याने अडवले होते. एकामागून एक शह बसू लागल्यावर त्याने बरोबरीचा प्रस्ताव दिला आणि आम्ही दोघांनी स्कोअरशीटवर, म्हणजे चाली नोंदवायच्या कागदावर, सह्या केल्या.

प्रतिस्पर्धी शाळकरी मुलगा होता. बाहेर पट मांडून त्याने विचारले, "काका, हत्ती आठव्या रांगेत ठेवून नुसते बसला असता तर?" मधल्या प्याद्याविरुद्ध तो बचाव टिकत नाही, कारण पांढऱ्या हत्तीला दोन्ही बाजूंनी फिरायला मोकळी जागा असते. मग आम्ही तेच प्यादे जी पट्टीत ठेवून पाहिले. तिथे एका बाजूला केवळ एच पट्टी उरते आणि आठव्या रांगेतला निमूट हत्तीही डाव वाचवतो.