मूठ वळेपर्यंत

कराटेच्या वर्गात सगळ्यात आधी शिकवतात ती मूठ. बोटांची टोकं बोटांच्या मुळाशी आत दुमडायची, मग तो अख्खा गुंडाळा तळहातात दाबायचा आणि अंगठा वरून तर्जनी आणि मधल्या बोटावर आडवा घ्यायचा. सहा वर्षांची पोरंही दोन मिनिटांत शिकतात. पुढे पंच म्हणजे ठोसे येतात, ब्लॉक येतात, काता म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका येतात आणि मुठीचा विषय कायमचा संपतो. वर्षानुवर्षं कराटे करणाऱ्या माणसाला ‘मूठ वळून दाखव’ म्हटलं तर तो बहुधा रागावेल. माझी मात्र ती वळेनाशी झाली, त्यामुळे मी या विषयावर बोलायला पात्र आहे असं समजते.

मोडली ती कुमितेत, म्हणजे जोडीदाराशी लढायच्या सरावात. मी पंच टाकला आणि त्याच क्षणी समोरच्या मुलाचं कोपर खाली आलं. चूक ना त्याची, ना माझी. करंगळीच्या बाजूला कट्ट असा बारीक आवाज झाला. तो मुलगा पुढचे कित्येक दिवस मला दिसला की स्वतःच्या कोपराकडे बघायचा.

एका हातात 27 हाडं असतात. त्यातलं करंगळीच्या मागचं लांब हाड, नकलच्या, म्हणजे मूठ वळल्यावर बोटाच्या मुळाशी वर येणाऱ्या उंचवट्याच्या जरासं खाली, जिथे ते बारीक होतं तिथे मोडलं होतं. या फ्रॅक्चरला बॉक्सरचं नाव आहे हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. डॉक्टरांनी लगेच सांगितलं की मुरलेल्या बॉक्सरांपेक्षा रागाच्या भरात भिंतीवर मूठ आपटणारेच हे जास्त मोडून घेतात. सांगायची काही गरज नव्हती.

पण त्यांनी पुढे जे दाखवलं त्यामुळे मी नाव-बिव विसरले. तुम्हीही करून बघा: मूठ आधी सैल वळा, मग हळूहळू घट्ट आवळा आणि मुठीच्या पाठीकडे बघत राहा. करंगळीची बाजू थोडी खाली झुकते. तर्जनी आणि मधल्या बोटामागची हाडं मनगटाशी जवळजवळ जखडलेली असतात. अनामिका आणि करंगळीमागची हलतात. वस्तूभोवती हात नीट लपेटता यावा म्हणून ही सोय आहे. धडक द्यायला मात्र हलणारं हाड काय कामाचं? आमचे सर ‘पहिल्या दोन नकल्स, पहिल्या दोन नकल्स’ असं जे ओरडत असतात ती मला परंपरा वाटायची. ती हाडांची रचना निघाली.

प्लास्टर घातलं तेही विचित्र. बोटं सरळ ठेवून बांधतील असं वाटलं होतं, तर अनामिका आणि करंगळी मुळाशी चांगली वाकवून, पुढे मात्र सरळ ठेवली. हाताची चोच झाली. नकलच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंची लिगामेंट्स, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, बोट वाकलेलं असताना ताणलेली असतात आणि सरळ असताना सैल पडतात. सैल अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली तर ती आखडून बसतात आणि मग बोट वाकायचं नाव घेत नाही. थोडक्यात, मूठ परत वळावी याची तयारी पहिल्याच दिवशी सुरू झाली होती. मला वाटलं होतं डॉक्टर हाड जुळवतायत.

डॉक्टरांनी उड्या, पडणं आणि जोडीदार या तिन्ही गोष्टींना बंदी करून वर्गात जायची परवानगी दिली. सरांनी त्याचा सरळ अर्थ काढला: ‘पाय ठीक आहेत ना? उभ्या राहा.’ माझा बेल्ट बांधायचं काम दोन लहान मुलींनी आपणहून घेतलं, आणि त्यावरून त्यांची रोज भांडणं व्हायची. मांड्या थरथरेपर्यंत खाली बसून उभं राहायचं, माए गेरी म्हणजे समोरच्या लाथा मारायच्या, आणि डाव्या हाताने पंच. डावा पंच इतका मिळमिळीत का पडतो हे बरेच दिवस कळेना. मग लक्षात आलं की मारणाऱ्या हाताइतकंच काम कंबरेशी मागे ओढला जाणारा दुसरा हात करत असतो, आणि माझा तो हात गळ्यातल्या झोळीत आराम करत होता.

डाव्या हाताच्या या कष्टांचा फायदा उजव्यालाही होतो, हे मला फिजिओ मॅडमनी सांगितलं तेव्हा त्या माझी समजूत घालतायत असंच वाटलं. पण हे खरं आहे, आणि बरंच जुनंही. 1894 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी एका हाताला सराव दिल्यावर दुसऱ्या, सराव न दिलेल्या हाताचीही ताकद वाढते असं दाखवलं होतं. स्नायू काही न करता वाढत नाही, पण त्याला हुकूम देणारी यंत्रणा दोन्ही हातांची मिळून शिकते. माझ्या उजव्या हाताने एवढी फुकटची कमाई याआधी कधी केली नव्हती.

प्लास्टर निघालं आणि आतून कोणा दुसऱ्याचाच हात बाहेर आला: बारीक, पापुद्रे निघालेला, वर जरा जास्तच केसाळ. हाड जुळलं होतं. मी आनंदाने मूठ वळायला गेले आणि बोटं अर्ध्या वाटेत थांबली. दुखून थांबली नाहीत, नुसतीच थांबली. दार आतून लावून घ्यावं तशी. दुसऱ्या हाताने दाबून बघितलं तर मॅडमनी तो हात बाजूला केला.

मग सुरू झाला दुसरा वर्ग. आधी नुसती पुढची पेरं दुमडून आकडा करायचा. मग पेरं सरळ ठेवून बोटं मुळाशी वाकवायची आणि तळहाताला टेकवायची. मग पूर्ण मूठ. तीन वेगवेगळ्या मुठी, कारण बोटं वाकवणारे स्नायुबंध एकावर एक असतात आणि ते एकमेकांवरून मोकळे सरकायला हवेत. करंगळीचं टोक तळहातापासून किती लांब राहतं ते मॅडम पट्टीने मोजून वहीत लिहायच्या. शाळा सुटल्यावर एवढ्या धडधडत्या छातीने मी कुठल्या वहीकडे बघितलं नव्हतं. आणखी एक तपासणी असायची: मूठ वळताना चारही बोटांची टोकं अंगठ्याच्या बुडाशी, मनगटावरच्या साधारण एकाच जागेकडे झुकली पाहिजेत. हाड पिळून जुळलं असेल तर करंगळी शेजारच्या बोटाच्या अंगावर चढते. माझी चढली नाही. त्या दिवशी मी वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला मूठ दाखवली, आणि काही जण दोन पावलं मागे सरकले.

भेटायला येणाऱ्या बहुतेकांनी रबरी चेंडू आणले होते. दाबत राहा, ताकद येईल. मॅडमनी सगळे चेंडू कपाटात ठेवायला लावले. आधी बोट पूर्ण वळू दे, ताकदीचं नंतर बघू. आमच्यात मूठ म्हटलं की जोर आठवतो, आवळणं आठवतं. पण न वळणाऱ्या मुठीला जोराची कमतरता नसतेच, तिला सैलपणा कमी पडतो. सरही पंच शिकवताना हेच म्हणतात की मूठ वाटेत सैल ठेवा, आवळायची ती लागण्याच्या क्षणी. मी हे ऐकून मान हलवायचे आणि सुरुवातीपासून दात-ओठ खाऊन आवळायचे. आता मात्र नाइलाजाने माझा पंच वर्गात सगळ्यात सैल निघतो, आणि सरांना तो आवडतो.

परतल्यावर आधी फक्त हवेत पंच, मग मऊ पॅड, जोर हळूहळू वाढवत. हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं, हा नियम जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडला. म्हणजे हाडाला फार जपूनही भागत नाही. माझ्या कोपरवाल्या जोडीदाराला हे कोणी सांगितलेलं नसावं. तो माझ्यासमोर उभा राहिला की असा हलका खेळायचा की मला स्वतःच्या वयाची आठवण व्हायची. शेवटी सरांनी त्याला बदलून माझा बेल्ट बांधणाऱ्या मुलींपैकी एकीला समोर उभं केलं. तिला असली भीडभाड नव्हती.

थांबल्यावर तिने माझी मूठ हातात घेऊन नीट पाहिली. ‘मावशी, इथली एक नकल कुठे गेली?’ करंगळीची नकल खाली बसली आहे ती बसलीच, आता वर येणार नाही. असं जुळलेलं हाड काम नीट करतं, फक्त दिसायला जरा सपाट राहतं. हे मी तिला समजावत होते तेवढ्यात मागून सर म्हणाले, ‘बरंच झालं की. तिने मारायचं नसतंच.’