हिंगाची डबी

आमच्या घरी लोणी कधी उतरवायचं, हे आईचं नाक ठरवायचं. बाहेर मटार सोलत बसलेली असली तरी तिथूनच हाक यायची, "तूप झालं गं, गॅस बंद कर!" वरण आंबलंय का, ओले कपडे कुबट राहिलेत का, सगळी प्रकरणं तिच्याच कोर्टात.

एकदा मी बाहेरून आले तर घरभर धूर. पातेल्यात बेरीचा कोळसा झालेला, आणि आई शांतपणे झारा फिरवत उभी. "होतच आलंय," म्हणाली. सर्दी असेल, म्हणून आम्ही तिला दोन दिवस वाफारा दिला. अल्झायमर हा शब्द घरात आला तो त्यानंतर तीन वर्षांनी.

मग मी वाचत सुटले. या आजारात टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते अगदी सुरुवातीला जिथे दिसतात, मेंदूच्या त्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स नावाच्या भागात वास आणि आठवण दोघांचीही ये-जा असते. त्यामुळे नावं-गावं विसरायच्या कितीतरी आधी नाक मंदावू शकतं. मोतीबिंदू झाला की माणूस तक्रार करतो. नाकाचं बिचाऱ्या नाकालाही कळत नाही. अर्थात वास गेला की अल्झायमरच, असं नाही. सर्दी, कोविड, नुसतं वयसुद्धा पुरतं. २०१३ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी पीनट बटर आणि फूटपट्टी घेऊन, किती अंतरावरून वास येतो अशी, अल्झायमरच्या रुग्णांच्या एकेका नाकपुडीची परीक्षा घेतली होती. डावी नाकपुडी जास्त मंद निघाली म्हणे. पुढे दुसऱ्यांनी करून पाहिलं तर तसं काही आढळलं नाही.

तरी मला राहवलं नाही. पीनट बटर आईला काय कळणार? मी हिंगाची डबी उघडून तिच्या नाकाशी धरली. पत्र्याची, पिवळी, कोपऱ्यात गंजलेली.

"काय आहे गं हे?"

तिने वास घेतला. पुन्हा घेतला. "ते हे... फोडणीत घालतात ते."

वास आला, की डबी ओळखली? विचारायला मी तोंड उघडलं, तोवर तिने डबी माझ्या हातातून घेतली आणि झाकण दाबून बसवलं.

"उघडी नको ठेवूस," म्हणाली, "वास उडतो."