किल्ली कोणापाशी?

"बंदूक घेशील ते ठीक, पण कपाटाची किल्ली कोणापाशी राहील?" आज दुपारी परवान्याचा अर्ज ओसरीवर ठेवला, तेव्हा भरिताच्या वांग्यांवरची नजर न काढता आईने विचारले.

रावेरकडच्या आमच्या केळीच्या मळ्यातील घर गावापासून दूर असल्यामुळे बारा बोरची दुनळी (दोन नळ्यांची लांब बंदूक) घ्यावी की .३२ चे रिव्हॉल्व्हर, या विचारात मी आठवडा घालवला होता. रिव्हॉल्व्हर आटोपशीर असते, पण घाबरलेल्या हाताने त्याचा नेम धरणे अवघड. दुनळी खांद्याला टेकते, मात्र तिचे छर्रे समोर कोण आहे हे पाहत नाहीत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो, हेही मी पाठ केले होते.

किल्लीचा विचार मात्र राहिला होता. बंदूक कुलपात ठेवली तर ऐनवेळी हाती येणार नाही, आणि उशाशी ठेवली तर आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांनी घरातील प्रत्येक डबा उघडून पाहिलेला आहे (गुळाचा तर रोज).

अर्ज अजून ओसरीवरच आहे, त्यावर वांग्याचे एक देठ पडले आहे. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांनी हे कसे सोडवले?