द्राक्षांपर्यंत हात

लिफ्टमध्ये, वाण्याकडे, सोसायटीच्या मीटिंगनंतर चहा घेताना एकच प्रश्न येतो. "मोबाईलवर फिजिओ केलंत म्हणे? खरंच होतो का हो उपयोग?" विचारणाऱ्याच्या आवाजात निम्मी चौकशी, निम्मी शंका. सातवा मजला येईपर्यंत मी "झाला की" एवढंच म्हणू शकते. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

गेल्या जुलैत ठाण्यात जांभळी नाक्यावर भाजी घेताना मेथीच्या पाल्यावरून पाय घसरला. उजवा हात टेकला आणि खांद्यात टक् झालं. महिनाभर तेल लावलं, शेक घेतला, मुरगळलंय म्हणत राहिले. पण हात वर न्यायला गेलं की अर्ध्यात गळून पडायचा. शेवटी एमआरआय काढला. खांद्याभोवती चार स्नायूंचा गट असतो, त्याला रोटेटर कफ म्हणतात. त्यातल्या वरच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, हाडापासून सुटली होती. सप्टेंबरात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, "भिंतीत प्लग ठोकून त्याला दोरा बांधलाय असं समजा. पण गिलावा ओला आहे. बारा आठवडे त्यावर फोटो टांगायचा नाही."

पहिले सहा आठवडे पट्टा. साधी झोळी नव्हे, कमरेशी जाडजूड उशी आणि तिच्यावर हात. झोपायचं ते पाठीला तीन उशा लावून, अर्धवट बसून. कपडे म्हणजे यांचे समोरून उघडे शर्ट. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर निदान दोन वेळा रडले नसते.

मोबाईलवर कशाला, तर आम्ही राहतो कासारवडवलीला आणि फिजिओचं क्लिनिक नौपाड्यात. घोडबंदर रोड, मेट्रोचं काम, रिक्षा. शिवलेला खांदा घेऊन रिक्षाने जाणं कसं असतं ते फक्त त्या रस्त्यावरच्या खड्ड्यांना आणि मला माहीत. दोन खेपांनंतर फिजिओच म्हणाली, "काकू, तुम्ही इथे पोचता तेव्हा मानेपर्यंत आखडलेल्या असता. पहिला अर्धा तास मी रिक्षाच उतरवत बसते. पुढचं घरून करू या." सर्जनना विचारलं, त्यांनी काय करायचं आणि काय नाही ते लिहून दिलं, आणि आठवड्यातून तीनदा व्हिडिओ सुरू झाला.

पहिल्या दिवशी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला, तर तिला माझं नाक आणि पंखा दिसला. तिला हवं होतं कमरेपासून वरचं सगळं, एकदा बाजूने, एकदा पाठीमागून, आणि खांद्याची पाती उघडी. तीस वर्षं शाळेत पदर खोचून शिकवलेली बाई मी. यांचा बनियन घालून कॅमेऱ्याकडे पाठ करून बसले तेव्हा हे दुसऱ्या खोलीत जाऊन हसून आले.

पण यांच्याशिवाय काही चालणार नव्हतं. सुरुवातीला हात आपला आपण उचलायचाच नसतो, दुसऱ्याने उचलायचा. क्लिनिकमध्ये ते काम फिजिओ करते. इथे ती स्क्रीनवर, आणि हात बँकेतून रिटायर झालेल्या माणसाचे. "काका, मनगट धरून ओढू नका, कोपराखाली हात घाला. सावकाश. काकू, तुम्ही मदत करायची नाही. हात काकांना उसना दिलाय असं समजा." उसना देणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. हात आपोआप पुढे धावतो, खांदा वर चढतो. "काकू, खांदा परत कानात काहीतरी सांगायला चाललाय," ती स्क्रीनवरून म्हणायची. मला ते कळतही नसे.

टेबलावर डावा हात टेकून ओणवं व्हायचं आणि उजवा लोंबता सोडायचा. मी तो उत्साहाने गोल फिरवायला लागले. "हात फिरवायचा नाही. कंबर हलवा, हात झुलेल." खुंटीला अडकवलेली पिशवी झुलते तसा तो झुलला, तेव्हा पहिल्यांदा दुखलं नाही.

सातव्या आठवड्यापासून बोटांनी भिंत चढायची. क्लिनिकमध्ये त्यासाठी खाचांची लाकडी पट्टी असते. आमच्या स्वयंपाकघराच्या टाइल्स वीस वर्षांपूर्वीच्या, एका रांगेत कप-बशी, दोन साध्या सोडून वर द्राक्षांचा घड. किती वर्षं म्हणत होते, काढून टाकू या त्या. फिजिओचा रोजचा प्रश्न ठरला, "आज कप-बशी की द्राक्षं?" दहा दिवस कप-बशीवरच होते. द्राक्षांना बोट लागलं तो दिवस मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवला आहे.

आता जिथे मोबाईल कमी पडला तेही सांगते, कारण लोक नेमकं तेच विचारत नाहीत. कोपर बरगडीला चिकटवून, छत्रीच्या दांडीने ढकलत हात बाहेर न्यायचा एक व्यायाम होता. दहाव्या आठवड्यात तो अडकला. स्क्रीनवर बघून तिला कळेना की मी दुखतंय म्हणून थांबतेय, घाबरून थांबतेय, की आतून सांधाच आवळलाय. म्हणाली, "हे हाताला कळतं, डोळ्याला नाही. या." गेले. तिने मला झोपवलं, हात हातात घेतला, आणि पाचव्या मिनिटाला निकाल दिला की सांध्याभोवतीचं आवरण घट्ट झालंय. मला साखर आहे, आणि मधुमेहात खांदा असा आखडण्याचा धोका जास्त असतो. मग तीन आठवडे रिक्षा, खड्डे आणि तिचे हात. त्यानंतर पुन्हा साखरेचा डबा. हे तीन आठवडे टाळले असते तर आज मी ही गोष्ट वेगळ्या सुरात सांगत असते. जखमेतून पाणी आलं, ताप आला, किंवा काल वर जाणारा हात आज एकदम जाईनासा झाला, तर व्हिडिओ लावत बसायचं नाही, सर्जनकडे जायचं, हेही तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आणि तरी मी मोबाईलच्या बाजूने का बोलते, तर त्या दुधाच्या पातेल्यामुळे. चौथा आठवडा. व्यायाम संपला, पट्टा पुन्हा बांधायचा होता, हे खाली पेपर आणायला गेले होते. ओट्यावर दूध उतू जायला लागलं. मी धावले आणि पातेलं उचललं. उजव्या हाताने. मागून आवाज आला, "काकू! कॅमेरा चालूच आहे."

क्लिनिकमध्ये मी आदर्श पेशंट होते. पट्टा नीट, पाठ सरळ, "हो डॉक्टर". घरी मी कोण आहे ते तिला त्या दिवशी दिसलं. तिने ताबडतोब सर्जनना फोन करायला लावला. त्यांनी बोलावून तपासलं, टाके शाबूत होते. पण पुढच्या वेळी व्यायाम झालाच नाही. मोबाईल हातात धरून हे स्वयंपाकघरभर फिरले आणि तिने आमची मांडणी बदलली. दुधाचं पातेलं, चहाचं भांडं, तवा डाव्या हाताला. रोजचे डबे कमरेच्या वर आणि छातीच्या खाली. कुकर महिनाभर यांच्या ताब्यात. वरच्या फळीवर फक्त दिवाळीची भांडी. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या ओट्याला हात लावायची हिंमत सासूबाईंनंतर कुणी केली नव्हती.

बारा आठवडे उलटल्यावर ताकदीचे व्यायाम आले. दाराच्या कडीला बांधलेला रबराचा पट्टा, आधी पिवळा, मग लाल, काखेत नॅपकिनची गुंडाळी. ते कंटाळवाणे असतात, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रोज करायचे, एवढंच.

तर परवा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दिरासाठी विचारलं, "त्यांनाही मोबाईलवरच जमेल ना?" मी विचारलं, "घरात कोपराखाली हात धरायला कोण आहे?" त्या विचारात पडल्या. एकटे राहतात म्हणाल्या. मग मी त्यांना पहिले सहा आठवडे तरी क्लिनिकला जायला सांगितलं, किंवा फिजिओला घरी बोलवायला.

आता नववा महिना. पाठीमागे वेणीपर्यंत हात अजून सरळ जात नाही. द्राक्षांच्या वर मात्र जातो, अगदी वरच्या फळीपर्यंत. तिथला डबा अजून हेच काढून देतात. माझा हात पोचतो हे मी त्यांना सांगितलेलं नाही.