रोपांची शिल्लक: नगांसोबत वयही मोजा

नर्सरीच्या वहीत जास्वंद 40, मोगरा 60 असे नग असतात. रोप त्या पिशवीत कधी बसवलं, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. खरं नुकसान तिथूनच सुरू होतं. दुकानातला डबा महिनाभर तसाच राहतो, पण रोप वाढत राहतं आणि पिशवी तेवढीच असते.

म्हणून प्रत्येक खेपेच्या लेबलवर पिशवी भरल्याची तारीख हवीच. ती पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई उन्हात उडते. नवा माल मागे लावा, जुना पुढे घ्या.

महिन्यातून एकदा प्रत्येक खेपेतली दोन-तीन रोपं पिशवीतून काढून मुळं बघा. मुळं-मातीच्या गोळ्याच्या कडेला पांढरी मुळं दिसतायत आणि माती सुटत नाहीये, म्हणजे रोप विक्रीला तयार आहे. तळाशी मुळांची वेटोळी झाली असतील, घातलेलं पाणी कडेने सरळ खाली जात असेल, तर पिशवी बदलायला हवी. नवी कुंडी जुन्या पिशवीपेक्षा 4-5 सेंमीच जास्त रुंद घ्या. फार मोठी घेतली तर मुळं न पोचलेली माती ओलीच राहते आणि मूळकुज लागते. बसवण्याआधी गोळ्याला तीन-चार उभे काप द्या, तळाचा गुंता कापून टाका. मोठ्या वृक्षांच्या रोपात वेटोळी जाड, लाकडासारखी झाली असतील, तर ते रोप विकूच नये. मुळं बाहेर पसरत नाहीत, आणि पुढे काही वर्षांनी झाड वाऱ्यात आडवं होऊ शकतं.

मातीवर ठेवलेल्या पिशव्यांची मुळं छिद्रांतून जमिनीत उतरतात. रोप टवटवीत दिसतं, पण उचललं की मुळं तुटतात आणि गिऱ्हाइकाच्या घरी दोन दिवसांत ते मान टाकतं. खाली तणरोधक कापड घाला, अधूनमधून पिशव्या हलवा. रुजलेली पिशवी उचललीच, तर आठ-दहा दिवस सावलीत सावरू द्या, मगच विका.

बाहेरून आलेला माल किमान दोन आठवडे वेगळा ठेवा. पानांच्या बेचक्यांत आणि पिशवीच्या आतल्या बाजूला पांढरा कापूस दिसला, तर ती पिठ्या ढेकूण ही कीड. मुळांवरचा पिठ्या फक्त पानं बघून सापडत नाही.

हंगामी फुलझाडं एकदम न भरता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी भरा. पिटुनियासारखी बहर ओसरलेली रोपं एक-तृतीयांश छाटून, पातळ खत देऊन पुन्हा फुलावर येतात. दुसऱ्यांदा मात्र हा खटाटोप परवडत नाही, ती जागा नव्या खेपेला द्या.

आठवड्याच्या मोजणीत विकलेली, मेलेली, टाकून दिलेली आणि मोठ्या पिशवीत हलवलेली रोपं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. शेवटचा रकाना राहिला, तर लहान आकाराचा माल कमी पडल्यासारखा दिसतो आणि नको असलेली खरेदी होते. मेलेल्या रोपापुढे कारणही लिहा: पाणी जास्त, पाणी कमी, कीड, ऊन. एकाच वाफ्यातली रोपं सारखी ‘पाणी जास्त’ने जात असतील, तर आधी त्या जागेचा निचरा तपासा.