४२, ६०, ६४, ८४: एकाच फ्रेमची चार मापं

एकाच लॅनवरची दोन मशीन घ्या. दोन्हीकडे वायरशार्क (येणारी-जाणारी प्रत्येक फ्रेम, म्हणजे इथरनेटवरचं माहितीचं पाकीट, दाखवणारा प्रोग्राम) चालू करा, पहिल्यावरची एआरपीची ('या आयपीचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा पत्ता, कोणता?' असं विचारायची पद्धत) जुनी नोंद पुसा (ती असली तर विचारणा जाणारच नाही) आणि दुसऱ्याला पिंग करा. पाठवणाऱ्या बाजूला एआरपीची विचारणा ४२ बाइटांची दिसते, घेणाऱ्या बाजूला तीच ६० बाइटांची. इथरनेटचा नियम म्हणतो ६४ पेक्षा लहान फ्रेम चालत नाही. आणि तारेवर ती जागा अडवते ८४ बाइटांची. चारही आकडे खरे आहेत. मोजणारा कुठे उभा आहे एवढाच फरक.

एआरपीचा मूळ मजकूर २८ बाइट. त्याच्या पुढे इथरनेटचं हेडर: ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता ६ बाइट, पाठवणाऱ्याचा ६, आणि आत काय भरलंय ते सांगणारा इथरटाइप २ बाइट. झाले ४२. बाहेर जाणारी फ्रेम वायरशार्कला ती कार्डाच्या हाती पडायच्या आधीच मिळते, म्हणून तिथे एवढीच दिसते. मजकुराचा भाग किमान ४६ बाइट हवा, म्हणून पुढे ड्रायव्हर किंवा कार्ड १८ बाइटांची भर घालतं. झाले ६०. शेवटी ४ बाइटांची सीआरसी (फ्रेम वाटेत बिघडली का ते तपासायची संख्या) लागली की ६४. घेणारं कार्ड ती तपासतं आणि सहसा तिथेच कापून टाकतं, त्यामुळे वायरशार्कपर्यंत पुन्हा ६०च पोचतात. फ्रेमच्या आधी तारेवर ८ बाइट प्रीअँबल (घेणाऱ्याला सावध करणारी सुरुवातीची खूण) जातं आणि दोन फ्रेममध्ये १२ बाइटांइतकी शांतता राखावी लागते. हे धरून ८४.

ही भर शून्यांचीच असायला हवी. २००३ साली उघड झालेला 'इथरलीक' हा दोष नेमका इथलाच: काही ड्रायव्हर शून्यांऐवजी मेमरीत उरलेलं काहीबाही भरत होते आणि आधीच्या पॅकेटांचे तुकडे शेजारच्या मशीनला फुकटात वाचायला मिळत होते.

६४ हा आकडा जाड कोॲक्स केबलच्या काळातला. १० एमबीपीएसवर, रिपीटर धरून अडीच किलोमीटरपर्यंतच्या जाळ्यात, दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली तर टक्कर झाल्याची खबर पाठवणाऱ्याचं बोलणं संपायच्या आत परत यायला हवी. त्यासाठी ५१.२ मायक्रोसेकंद, म्हणजे ५१२ बिट, म्हणजेच ६४ बाइट. आजच्या फुल-डुप्लेक्स (दोघांना एकाच वेळी बोलता येणाऱ्या) स्विचवर टक्कर होतच नाही, आकडा मात्र राहिला. त्याचा आज एक उपयोग आहे: १ गिगाबिटला ८४ बाइटांनी भागलं की सेकंदाला १४,८८,०९५ फ्रेम येतात. २४ पोर्टच्या गिगाबिट स्विचच्या माहितीपत्रकात फॉरवर्डिंगचा वेग ३५.७ एमपीपीएस (सेकंदाला इतके दशलक्ष पॅकेट) लिहिला असेल तर तो सगळ्या पोर्टवर लहानात लहान फ्रेमही पूर्ण वेगाने झेलतो. त्याहून कमी असेल तर कुठेतरी काटकसर झालीये.

इथरटाइप वाचताना एक खुबी लक्षात ठेवा. हेक्समध्ये ०८०० म्हणजे आयपीव्ही४, ०८०६ म्हणजे एआरपी, ८६डीडी म्हणजे आयपीव्ही६. पण याच जागेत १५०० किंवा त्याहून लहान संख्या आली तर तो प्रकार नसून मजकुराची लांबी असते. प्रकार १५३६ पासून पुढे सुरू होतात. स्पॅनिंग ट्रीच्या (स्विचनी आपसात बोलून जाळ्यातली वर्तुळं तोडायची पद्धत) फ्रेम अजून या लांबीवाल्या पद्धतीनेच जातात, म्हणून त्या वायरशार्कमध्ये वेगळ्या दिसतात.

आता पत्ता. मॅक ॲड्रेसचे पहिले ३ बाइट आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने उत्पादकाला दिलेले असतात, एवढं सगळ्यांना पाठ असतं. कामाचा असतो तो डावीकडून दुसरा हेक्स अंक. तो विषम असेल तर पत्ता एकाचा नाही, गटाचा आहे. तो २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता कारखान्यातून आलेला नाही, कुणीतरी किंवा कुठल्यातरी सॉफ्टवेअरने ठरवलेला आहे. क्यूईएमयू या सॉफ्टवेअरवरच्या व्हर्च्युअल मशीनचे पत्ते ५२:५४:०० ने सुरू होतात, त्यातला दुसरा अंक २ ही त्याचीच खूण. स्वतः पत्ता बनवायचा असेल तर ०२ ने सुरुवात करा. ०१ ने केली तर लिनक्स तो लावूच देत नाही, कारण गटाचा पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी बसू शकत नाही. गटाची खूण पहिल्या बाइटच्या शेवटच्या बिटमध्ये का, तर इथरनेट प्रत्येक बाइट उजव्या टोकाकडून तारेवर सोडतं. म्हणजे पत्त्याचा सगळ्यात पहिला बिट येताच कळतं की फ्रेम एकासाठी आहे की अनेकांसाठी.

स्विच दोन्ही पत्ते वाचतो, पण वेगवेगळ्या कामासाठी. पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून तो 'हा या पोर्टवर आहे' असं टिपून ठेवतो. घेणाऱ्याचा वाचून फ्रेम कुठे सोडायची ते ठरवतो. टेबलात सापडला नाही तर आलेलं पोर्ट सोडून उरलेल्या सगळ्यांवर सोडतो. ३०० सेकंद एखाद्याकडून काहीच आलं नाही तर नोंद पुसली जाते. बहुतेक स्विचवर हाच मूळ आकडा असतो, आणि एक फसवा घोळ इथूनच निघतो. यूडीपीवर (पोच न मागता पाठवायची पद्धत) नुसतं ऐकणारं मशीन घ्या, लॉग जमवणारा सर्व्हर किंवा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा. ते स्वतः काहीच बोलत नाही. पाच मिनिटांत स्विच त्याला विसरतो. राउटरची एआरपी नोंद मात्र तासन् तास टिकते (सिस्कोवर मूळ मुदत ४ तास), म्हणून तो विनाविचारणा पाठवतच राहतो आणि तो सगळा माल प्रत्येक पोर्टवर सांडतो. लोक याला व्हायरस समजतात. राउटरची एआरपी मुदत ३०० सेकंदांच्या खाली आणा, किंवा त्या मशीनची नोंद स्विचमध्ये कायमची घाला.

व्हर्च्युअल मशीनची नक्कल करताना मॅक तसाच राहिला, तर दोन पोर्टवरून एकच पत्ता बोलू लागतो. टेबलातली नोंद इकडून तिकडे उड्या मारते आणि दोघांचाही पिंग अधूनमधून तुटतो. आयपी वेगवेगळे असूनही तुटतो, म्हणून शोधणारा चक्रावतो. मॅनेज्ड स्विचच्या लॉगमध्ये मॅक फ्लॅपिंगची ओळ शोधा, दोन्ही पोर्टचे नंबर तिथेच लिहिलेले असतात.

आयपी पॅकेटला टीटीएल (किती टप्प्यांनंतर मरायचं तो आकडा) असतो, इथरनेट फ्रेमला काहीच नसतं. टेबलाखालच्या साध्या स्विचमध्ये एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं कुणी खोचली, की पहिली ब्रॉडकास्ट फ्रेम फिरत राहते आणि कधीच मरत नाही. सगळे दिवे एका लयीत फडफडू लागले तर मशीनवर वेळ घालवू नका, केबल एकेक काढा. मॅनेज्ड स्विच असेल तर लोकांच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीबरोबर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीची फ्रेम आली की पोर्ट बंद करणारी सोय) लावून ठेवा.

सीआरसी चुकली की फ्रेम मुकाट फेकली जाते. इथरनेट ती परत मागत नाही. टीसीपीला (हरवलेलं पुन्हा पाठवणारा वरचा थर) उशिरा कळतं आणि वापरणारा म्हणतो 'नेट स्लो आहे'. लिनक्सवर इथटूल या कमांडच्या आकडेवारीत आणि स्विचवर त्या पोर्टच्या काउंटरमध्ये हा आकडा बघा. फ्रेम पूर्ण घेऊन मगच पुढे पाठवणारा स्विच खराब फ्रेम पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे आकडा जिथे वाढतोय त्याच केबलच्या दोन टोकांमध्ये दोष असतो. एका टोकाला सीआरसी आणि दुसऱ्या टोकाला लेट कोलिजन (उशिरा झालेली टक्कर) वाढत असेल तर केबल बदलू नका. कुणीतरी एक टोक १०० फुलवर (फुल-डुप्लेक्स) बांधलंय आणि ऑटोवर (वेग आणि पद्धत आपोआप ठरवणारं) असलेलं दुसरं हाफवर (एका वेळी एकानेच बोलायचं) घसरलंय. दोन्ही ऑटोवर ठेवा.

केबलचाच दोष असेल तर आधी केबलच्या टोकाची क्लिप बघा. रंग जोडीजोडीने ओळीत लावले, केशरी, हिरवी, निळी, तपकिरी, तर स्वस्त टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात आणि तरी केबल वाईट असते. ३ आणि ६ नंबरच्या तारा ही एकच जोडी असायला हवी. या क्रमात त्या दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा होतात आणि पिळाचा उपयोगच जातो. बरोबर क्रम असा: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. आणि लिंक गिगाबिटऐवजी १०० वर लागत असेल तर ४, ५, ७, ८ या तारा तपासा, कारण १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ एवढ्याच पुरतात.